फाटलेली चार पानं आणि गोठ्यातली मूर्ती

पत्र थोडक्यात: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातली वीस वर्षांची मुलगी, तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा झाल्यात, रोज स्केचबुक भरते. गावातल्या एका काकूचा नवरा पावसाळ्यात गेला, डोक्यावर कर्ज होतं, आणि दिवाळीनंतर ती काकू सातव्या महिन्यात कापूस वेचायला जात होती. या मुलीनं तिची मातीची मूर्ती केली: कमरेला कापसाची झोळी, पोट पुढं आलेलं, वरचं अंग उघडं. कॉलेजच्या गॅदरिंगच्या प्रदर्शनात ठेवली तर तासाभरात उचलायला लावली, "हे अश्लील आहे, कायद्यात बसत नाही, आपल्याकडं असं चालत नाही" म्हणून. घरी मोठ्या भावानं स्केचबुक चाळलं, त्यात बाबा दारू पिऊन ओसरीवर पडलेले दिसले, त्यानं चार पानं फाडली. आई म्हणते घरचं घरात राहू दे. काकूला कोणीतरी मोबाइलवर मूर्तीचा फोटो दाखवला, ती एवढंच म्हणाली, "माह्यं तोंड काहून घेतलं वं त्याच्यात?" मूर्ती सध्या गोठ्यात ओल्या पोत्याखाली आहे. मुलगी विचारते: सगळेच माझ्यावर सेन्सॉरशिप लावतायत, तर मूर्ती फोडून टाकू आणि पोळ्याचे बैलच करत बसू, की सगळं इन्स्टावर टाकू आणि काय व्हायचं ते होऊ दे? आणि गुपचूप वहीत काढत राहणं म्हणजे भित्रेपणाच ना? (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

बाई गं,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या फाडलेल्या पानांचा इतका राग आला की लगेच लिहायला बसले असते तर तुझ्या भावालाच चार शब्द सुनावले असते, म्हणून दोन दिवस थांबले. तिसऱ्यांदा वाचताना मात्र एका वाक्यावर अडले. तू लिहितेस "सगळेच". कॉलेजचे सर, दादा, आई आणि काकू, चौघांनाही तू एकाच ओळीत उभं केलंस. मला वाटतं तुझी निम्मी घालमेल तिथूनच आली आहे, कारण हे चार नकार एकसारखे नाहीत, आणि त्यातला एक तर नकारच नाही, तो प्रश्न आहे.

आधी कॉलेजचं बघू, कारण ते सगळ्यात मोठ्या आवाजात बोललं गेलं आणि त्यात दम सगळ्यात कमी आहे.

"आपल्याकडं असं चालत नाही" म्हणजे नेमकं कुणाकडं? गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठावर मार्कंडा देवाचं देऊळ आहे, तुला माहीत असेल, लोक त्याला विदर्भाचं खजुराहो म्हणतात. त्याच्या भिंतींवर देव आहेत, अप्सरा आहेत, प्रणयात रमलेल्या जोड्यांची मिथुनशिल्पं पण आहेत, आणि महाशिवरात्रीच्या जत्रेला आज्या, सुना, लेकरं सगळे त्याच भिंतींना प्रदक्षिणा घालतात. कुणी आजीच्या डोळ्यांवर हात ठेवत नाही. आता कायद्याचं. अश्लीलतेचं कलम आता भारतीय न्याय संहितेत 294 नंबरला आहे, आणि त्यातच अपवाद दिलाय की कला, साहित्य, शास्त्र, शिक्षण यांच्यासाठी म्हणून लोकहिताची ठरणारी चित्रं-मूर्ती त्यात येत नाहीत, देवळातली आणि प्राचीन वास्तूंवरची शिल्पं पण येत नाहीत. 1954 साली मुंबईत अकबर पदमसी यांच्या चित्रांवर अशीच केस झाली होती. पोलिस म्हणाले चित्रं खाली उतरवा, ते नाही म्हणाले, कोर्टात गेले आणि सुटले. 2014 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अंग उघडं दिसलं एवढ्यावरून काही अश्लील ठरत नाही, ते कशासाठी दाखवलंय, पूर्ण कामाचा अर्थ काय, आजचा समाज त्याकडं कसा बघेल हे बघावं लागतं. सात महिन्यांचं पोट घेऊन कापूस वेचणारी बाई बघून कुणाच्या मनात वासना येत असेल असं मला तरी वाटत नाही. लाज मात्र वाटू शकते, आणि ती लाज वेगळ्या कारणाची आहे.

तरी सरांशी भांडायला जाऊ नकोस, आधी बोलायला जा. मी नववीत असताना शाळेच्या भित्तिपत्रकासाठी आमच्या गावची विहीर काढली होती, त्यात पाणी भरणाऱ्या बायांच्या दोन रांगा होत्या, जशा खरंच असायच्या, एका वस्तीची एक आणि दुसऱ्या वस्तीची दुसरी. गुरुजींनी दुपारच्या सुट्टीत ते चित्र उतरवलं आणि काही न बोलता माझ्या दप्तरात ठेवलं. कितीतरी वर्षं मी त्यांना मनातल्या मनात गुन्हेगार ठरवत राहिले. खूप नंतर कळलं की त्यांची नोकरी पक्की झालेली नव्हती आणि संस्थेतल्या लोकांची घरं त्याच दुसऱ्या वस्तीला होती. म्हणून त्यांनी केलं ते बरोबर होतं असं मी म्हणत नाही, ते चूकच होतं, पण त्यांनी ते चित्र फाडलं नाही, दप्तरात ठेवलं, हे पण मला आता दिसतं. तुझ्या सरांना पण कुणाचा तरी फोन आला असेल. त्यांना शांतपणे विचार की मूर्ती प्रदर्शनातून का हटवली, आणि कारण लिहून मिळेल का. लिहून द्यायची वेळ आली की माणूस शब्द जपून वापरतो. मार्कंड्याचे फोटो सोबत ने. पुढच्या वेळी मूर्तीशेजारी चार ओळींची पाटी ठेवता येईल का, किंवा वेगळ्या खोलीत "आत काय आहे" हे बाहेर लिहून ठेवता येईल का, ते विचार. ही माघार नाही, बघणाऱ्याला तयार होऊन आत येण्याची सोय आहे.

आता काकू. खरं सांगायचं तर हे उत्तर मी तिच्यासाठीच लिहायला बसले.

आपल्या नागपूरची मारबत तू पाहिली नसशील तरी ऐकली असशीलच. काळी मारबत 1881 पासून, पिवळी 1885 पासून, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणूक निघते आणि सोबत बडगे असतात, बांबू, कागद, चिंध्यांचे मोठे मोठे पुतळे. कधी महागाईचा बडग्या, कधी भ्रष्टाचाराचा, कधी थेट नेत्याच्या तोंडाचा, आणि हजारो लोक "घेऊन जा गे मारबत" ओरडत ते शहराबाहेर नेतात, जाळतात. इंग्रजांच्या काळापासून भर रस्त्यात, मातब्बर माणसाचं तोंड पुतळ्याला लावून त्याला बोल लावायची रीत आपल्याच मातीतली आहे, त्यामुळे "आपल्याकडं चालत नाही" हे तर मुळातच खोटं. पण एक गोष्ट बघ. बडग्याला तोंड कुणाचं लागतं? ज्याच्या हातात सत्ता आहे त्याचं. त्याला कुणी विचारायला जात नाही, जायची गरजही नाही, कारण तो आपल्याला विचारून निर्णय घेत नाही.

फ्रान्समध्ये ओनोरे दोमिए नावाचा चित्रकार होता. 1831 च्या शेवटी त्यानं राजा लुई फिलिपला खादाड राक्षस दाखवला, गरिबांचा पैसा टोपल्या भरभरून त्याच्या तोंडात ओतला जातोय असा. त्यासाठी सहा महिन्यांची शिक्षा झाली. त्याच काळात तो एक अजून काम करत होता जे मला फार आवडतं. त्यानं तिथल्या पुढाऱ्यांची आणि बड्या लोकांची छोटी छोटी मातीची मुंडकी बनवली, वीतभराचीही नाहीत, कच्च्या मातीची, न भाजलेली, वरून रंग दिलेला. त्यांच्यावरून तो छापायची चित्रं काढायचा. त्यातली 36 अजून पॅरिसच्या म्युझियममध्ये आहेत, जवळपास दोनशे वर्षांची कच्ची माती. 1835 मध्ये तिथं कायदा आला की चित्र छापायच्या आधी सरकारची परवानगी पाहिजे, तेव्हा त्याला राजकारणावर काढणं बंद करावं लागलं. मग तो काढू लागला वकील, न्यायाधीश, धुणं घेऊन जाणाऱ्या बाया, रेल्वेच्या डब्यात दाटीवाटीनं बसलेली गरीब माणसं. आणि त्या बायांची तोंडं बघ कधी मोबाइलवर, बहुतेक वेळा नीट दिसतच नाहीत, सावलीत असतात, वाकलेली असतात. पुढाऱ्याचं मात्र नाक न् नाक ओळखू येतं. त्यानं हे ठरवून केलं का मला सांगता येणार नाही, पण मला त्यातून जे समजलं ते असं की तोंड उसनं घ्यायचं तर बघावं लागतं की आपण वर बघतोय की खाली. पुढाऱ्याचं तोंड न विचारता घेता येतं. काकूचं नाही.

तिचा नवरा गेला तेव्हा किती लोक आले असतील घरी, फोटो काढायला, फॉर्म भरायला, चेक देताना उभं राहायला. त्यातल्या कुणी तिला विचारलं असेल का, की तुझं तोंड यात घेऊ का? तू त्यांच्यासारखी नाहीस, तू रात्री जागून तिच्या पाठीचा बाक मातीत आणलास, तू तिला पाहिलंस. पण तिच्यासाठी शेवटी तेच झालं, गावातल्या कुण्या पोट्ट्याच्या मोबाइलवर तिला तिचं उघडं अंग दिसलं, जे तिनं कधी कुणाला दाखवलं नव्हतं, तू पण पाहिलेलं नव्हतंस, तू मनानं घडवलंस आणि वर तिचं तोंड लावलंस. "माह्यं तोंड काहून घेतलं" याला सेन्सॉरशिप म्हणू नको गं. सेन्सॉर म्हणजे जो दुसऱ्याच्या वतीनं ठरवतो की लोकांनी काय बघायचं. काकू स्वतःच्या वतीनं बोलते आहे, आणि तेही बंद कर म्हणत नाही, का म्हणून विचारते. तिला उत्तर देणं लागतं.

तिच्याकडं जा. आता बाळंतीण असेल, तर रिकाम्या हातानं जाऊ नको आणि पहिल्याच दिवशी विषय काढू नको. दुसऱ्यांदा गेलीस की स्केचबुक घेऊन जा, तिची जी चित्रं आहेत ती तिला दाखव, वावरातली, पऱ्हाटीतली, पाणी पितानाची. मूर्तीबद्दल माफी माग, ती न विचारता केली आणि न विचारता मांडली यासाठी. चांगली केली यासाठी नाही, त्याची माफी मागायची नसते. मग विचार की काय करू. ती म्हणेल तोंड बदल, तर बदल, पदर हवा म्हणाली तर पदर दे, आणि मोडून टाक म्हणाली तर मोड. हे शेवटचं लिहिताना मला पण जड जातंय. पण असंही होईल की ती म्हणेल, राहू दे, दिसू दे लोकांना. तेव्हा ती मूर्ती आजच्यापेक्षा कितीतरी मजबूत होईल, कारण मग सरांसमोर तू एकटी उभी नसशील. आणि ती काहीच बोलली नाही तर त्याला होकार समजू नको, आपल्याकडच्या बाया नाही म्हणायला कधी शिकलेल्याच नसतात.

तुझ्यासारखं काढणाऱ्या, लिहिणाऱ्या, रील बनवणाऱ्या सगळ्याच पोरापोरींना हे सांगते: गावात चेहरा लपत नाही, नाव बदललं तरी लुगड्याच्या काठावरून ओळखतात. अनेक बायांचं थोडं थोडं घेऊन एक बाई करता येते, पाठमोरी करता येते, नुसते हात करता येतात. कापूस वेचणाऱ्या बोटांना बोंडांच्या टोकांनी पडलेल्या चिरा तू पत्रात ज्या लिहिल्यास ना, मला वाटतं त्यात अख्खी काकू आहे.

आता दादा. पानं फाडायचा हक्क त्याला नव्हता, हे आधी स्पष्ट सांगते. तू वीस वर्षांची आहेस, ती वही तुझी आहे. तो म्हणाला, "उद्या तुले पाहाले पाहुणे आले त हे दाखवशीन का?" यात त्याची भीती ऐकू येते, घराची अब्रू त्याच्या एकट्याच्या खांद्यावर आहे असं त्याला वाटतंय, बाबा असे, शेती अशी. पण त्याच्या भीतीचं ओझं तुझ्या वहीनं उचलायचं नाही. राग निवला की त्याला एवढंच म्हण की ही वही मी कुणाला दाखवत नव्हते, ती तू उघडलीस, आणि बाबांना तसं बघून तुला जे वाटतं तेच मला वाटतं म्हणून मी काढलं. मला आशा आहे की तो गप्प बसेल. कदाचित रडेल पण. आणि तो हात उचलेल, कॉलेज बंद करायच्या गोष्टी करेल असं असलं तर मात्र समजूत काढत बसू नको, 181 ही महिला हेल्पलाइन आहे, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला वकिलाचा सल्ला फुकट मिळतो, कमाई कितीही असो. भरलेल्या वह्या मैत्रिणीकडं किंवा विश्वासाच्या मॅडमकडं ठेव, पानांचे फोटो काढून स्वतःलाच ईमेल करून ठेव. प्रत्येक पानावर तारीख टाक.

आईचं वाक्य वेगळं आहे. "घरचं घरात राहू दे" हे तिनं तिच्या आईकडून ऐकलंय, आणि त्या वाक्यानं तिला खूप काही सोसायला लावलंय, पण बाबांच्या त्या चित्रात ती पण आहे ना, कोपऱ्यात, ताट झाकून बसलेली? मग थोडा हक्क तिचाही आहे. तिला एक दिवस तुझी वही स्वतःहून दाखव, बाबांची पानं सोडून, तिची स्वतःची दाखव. तिला कुणी असं बसून पाहिलंय हे तिला माहीतच नसेल.

आणि भित्रेपणाचं. वहीत काढणं हे लपणं आहे असं तुला वाटतं कारण आजकाल जे पोस्ट नाही केलं ते झालंच नाही असं सगळ्यांना वाटतं. दोमिएची ती मुंडकी आठव, ती आधी कामाची होती, बघायची नंतर झाली. स्केचबुक ही अशी जागा आहे जिथं तुला चुकायला, वाईट काढायला, बापावर चिडायला, काकूला न विचारता बघायला पण मुभा आहे. विचारायचं असतं ते बाहेर काढताना. मला काळजी दुसऱ्याच गोष्टीची आहे, तू लिहिलंस की पानं फाडल्यापासून तू डाव्या हातानं कागद झाकून काढतेस आणि माणसं काढणं थांबवून नुसती झाडं काढतेस. झाडं काढ, पण आवडली म्हणून काढ. आता तुझ्या पेन्सिलीवर दादाचा हात आहे आणि तो बाजूला करायला बाहेरचं कुणी येणार नाही. रोज रात्री एक पान माणसाचं काढ, मग ते वाईट आलं तरी चालेल, आणि सुरुवात बाबांपासून कर. फाडलेलं चित्र परत काढायचा प्रयत्न करू नको, ते तसं येणार नाही. आजचे बाबा काढ.

इन्स्टावर रागात काही टाकू नको. सध्या तरी नाहीच. मोबाइलवर गेलेली गोष्ट परत घेता येत नाही, आणि माती परत घेता येते, म्हणून मी तुला मातीकडं पाठवतेय.

बैलांना पण इतकं खाली लेखू नको बरं. ज्या हातांनी वर्षानुवर्षं पोळ्याचा बैल केला त्याच हातांना वजन कुठं पडतं ते कळतं. आणि युवा महोत्सवात क्ले मॉडेलिंगला विषय तिथंच देतात आणि अडीच तासांत काम उरकायचं असतं, तेव्हा हाच सराव कामी येतो. जात राहा तिथं.

आता मूर्तीचं, कारण त्याला वेळ कमी आहे. फेब्रुवारीची हवा कोरडी, पोतं एका दुपारीत सुकतं. तू लिहिलंस की माती वावरातली काळी घेतली. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आकसते, उन्हाळ्यात वावराला जशा भेगा पडतात तशाच मूर्तीला पडतील, आणि पोट सगळ्यात जाड म्हणून तिथं आधी. गावात कुंभारबाबा असतील तर त्यांच्याकडं जा, ते तळ्याच्या गाळात राख, भुसा काय मिसळतात ते बघून घे, पुढच्या कामाला उपयोगी पडेल. या मूर्तीला वाचवायचं असेल तर ती चामड्यासारखी घट्ट झाली की, म्हणजे बोट दाबलं तर ठसा उमटेल पण चिकटणार नाही तेव्हा, बारीक तारेनं पाठीकडून काप आणि आतून कोरून काढ, भिंत अंगठ्याएवढी राहू दे, मग दोन्ही कडा खरवडून पातळ चिखल लावून जोड, आणि तळाला एक भोक ठेव. भरीव ठेवलीस तर आतलं पाणी वाफ होऊन आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, फुटेल. त्यानंतर सावलीत, पोतं रोज थोडं थोडं उघडत, दोन-तीन आठवडे.

पण भाजायची घाई करू नको. सुकलेली माती सुद्धा पाण्यात टाकली की परत चिखल होते, परत काकूचं तोंड बदलता येतं, पदर देता येतो, सगळी मोडून नवी बाई करता येते. आव्यात 500-600 अंशांच्या पुढं गेली की मातीतलं बांधलेलं पाणी निघून जातं आणि मग ती कधीच परत माती होत नाही. तोवर तुझ्याकडं वेळ आहे, काकूकडं दोनदा जाऊन यायला पुरेल एवढा. आज संध्याकाळी पोतं आधी ओलं कर, आणि तिच्या पोटाखाली एक विटेचा तुकडा टेकव, नाहीतर वजनानं खाली येईल.

काकू काय म्हणाली ते मला लिही.

तुझी ताई